मराठी लेखिकांच्या आत्मचरित्रांत 'मी' कशी घडते, आणि ते मजकुरातून दाखवायचं कसं

प्रश्न एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विचारलेला आहे: मराठी लेखिकांनी आत्मचरित्रातून स्वतःची ओळख कशी घडवली, आणि 'घडवली' असं नुसतं म्हणून न थांबता ते पुस्तकातून सिद्ध कसं करायचं? उत्तर लांब आहे, कारण या विषयावरचे बहुतेक प्रबंध एकाच ठिकाणी अडकतात. लेखिकेचं आयुष्य कालक्रमाने पुन्हा सांगितलं जातं, मध्ये मध्ये 'यातून तिची अस्मिता दिसते' असं वाक्य येतं आणि प्रकरण संपतं. आयुष्याचा सारांश तर पुस्तकाच्या मलपृष्ठावरही असतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ओळख आधी तयार होती आणि नंतर ती कागदावर उतरली, असं समजू नका. बाईने पेन हातात घेतल्यावर काही निर्णय घेतले: कोणतं नाव लावायचं, नवऱ्याला काय म्हणायचं, गोष्ट कुठून सुरू करायची, कुठे थांबवायची, काय गाळायचं, कोणाला उद्देशून बोलायचं. ओळख या निर्णयांत असते. तुम्हाला घटनांपेक्षा हे निर्णय तपासायचे आहेत.

सुरुवात मुखपृष्ठावरच्या नावापासून करा. फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून याने 1975 मध्ये मांडलेली कल्पना सगळेजण उद्धृत करतात: लेखक, निवेदक आणि ज्याची गोष्ट आहे ती व्यक्ती या तिघांचं नाव एकच असतं, आणि हाच आत्मचरित्राचा वाचकाशी झालेला करार. मराठी बाईच्या बाबतीत हा करार पहिल्याच पानावर गुंतागुंतीचा होतो. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. आनंदीबाई कर्वे पुनर्विवाहापूर्वी गोदूबाई होत्या. हंसा वाडकर हे रतन साळगावकर यांनी चित्रपटासाठी घेतलेलं नाव. म्हणजे पुस्तकातल्या पहिल्या काही प्रकरणांतली मुलगी आणि मुखपृष्ठावरची लेखिका यांची नावं वेगळी आहेत. लेखिका हे अंतर कसं पार करते, ते पाहा. जुनं नाव ती एकदाच सांगून सोडते की माहेरची माणसं भेटली की ते परत येतं? नाव बदललं तो क्षण ती प्रसंग म्हणून रंगवते की एका वाक्यात उरकते?

याचं सर्वांत टोकदार उदाहरण कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (1981) मध्ये आहे. संस्कृतात उत्तम पदवी घेतलेल्या या दलित मुलीला लग्नाआधी प्राध्यापकाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्नानंतर मिळते. तेव्हा त्या विचारतात की हे श्रेय कुमुद सोमकुवरचं की कुमुद पावडे या नावाचं. ज्ञान तेच, बाई तीच, बदललं फक्त आडनाव, आणि आडनावाबरोबर ऐकणाऱ्याला कळणारी जात. 'नावात ओळख असते' हे सिद्धान्त म्हणून शिकवण्यापेक्षा हा एक लेख वर्गात वाचून दाखवला तर जास्त काम होतं.

नावानंतर संबोधन. नवऱ्याचा उल्लेख कसा होतो याची नोंद प्रत्येक पुस्तकासाठी वेगळ्या पानावर ठेवा. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) मध्ये न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत, तिचं हे घरगुती रूप. पण अभ्यासकाने इथे थांबून पाहावं, कारण ज्या पुस्तकाचा विषय बाईचं 'स्व' असायला हवा, तिथे 'स्वतः' हा शब्द दुसऱ्याच माणसासाठी राखून ठेवलेला आहे. लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याला, कवी नारायण वामन टिळकांना, सरळ 'टिळक' म्हणतात. आडनावाने उल्लेख केल्यामुळे त्या व्यक्तीकडे थोडं लांबून, कधी हसून, कधी वैतागून पाहता येतं. सुनीता देशपांडे 'भाई' म्हणतात, म्हणजे घरातलं आणि मित्रांतलं नाव, महाराष्ट्राच्या 'पुलं'पासून वेगळं काढलेलं. ही यादी केली की प्रत्येक लेखिकेने नवऱ्यापासून किती अंतरावर उभं राहून लिहिलं, याचा पहिला अंदाज येतो. तो अंदाजच असतो, निष्कर्ष नव्हे. पुढच्या मोजणीने तो तपासायचा.

मोजणी अशी करा. दोनशे पानांचं पुस्तक असेल तर दर दहावं पान निवडा, म्हणजे वीस पानं होतील. आवडलेली पानं निवडू नका. आवडलेल्या पानांत तुम्हाला हवं तेच सापडतं. प्रत्येक पानावरच्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण, हे समासात पेन्सिलने लिहा: मी, आम्ही, नवरा, सासर, माहेर, समाज, इतर. एका पानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इथे मराठीच्या व्याकरणामुळे एक चूक हमखास होते. नुसता 'मी' हा शब्द मोजला तर आकडा फसवा येतो, कारण मराठीत 'मी' बहुतेकदा गाळतात. 'गेले, पाहिलं, परत आले' या तिन्ही क्रियांची कर्ती 'मी' असते, पण शब्द एकदाही येत नाही. शिवाय 'मी गेले' यात क्रियापद बाईचं लिंग दाखवतं, पण 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राच्या मागे जातं. म्हणून शब्द मोजू नका, कर्ता मोजा.

त्याच वीस पानांवर आणखी एक खूण करा. बाई स्वतःबद्दल तीन प्रकारे बोलते. एक, 'मी ठरवलं, मी निघाले'. दोन, 'मला वाटलं, मला जावं लागलं, मला राहवेना'. तीन, 'माझं लग्न झालं, माझं शिक्षण थांबलं'. तिन्हींना वेगळा रंग द्या. पुस्तकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातले रंग आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातले रंग शेजारी ठेवले की पुष्कळदा हालचाल दिसते. पण 'माझं लग्न झालं' हे वाक्य दिसताच 'पाहा, लेखिका निष्क्रिय आहे' असं लिहू नका. मराठी माणूस, बाई असो की पुरुष, असंच बोलतो. पुरावा तेव्हा होतो जेव्हा तीच लेखिका एका ठिकाणी 'झालं' म्हणते आणि दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम 'केलं' म्हणते. फरक एका पुस्तकाच्या आत शोधायचा, पुस्तकाच्या बाहेरच्या कल्पनेशी तुलना करून नाही.

'आम्ही'ची मोजणी सगळ्यात फळ देणारी आहे, आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. 'आम्ही' एकच नसतं. रमाबाईंच्या शीर्षकातलं 'आमच्या' म्हणजे नवरा-बायको. घरातल्या बायकांचं 'आम्ही' वेगळं, त्यात जावा, नणंदा, विधवा आत्या-सासवा येतात आणि बरेचदा लेखिकेला त्यात जागा नसते. गावाचं, जातीचं, चळवळीचं 'आम्ही' आणखी वेगळं. एखाद्या पानावर लेखिका एका 'आम्ही'तून दुसऱ्या 'आम्ही'त जाते, तिथे खूण करा. ओळख बदलताना पकडता येते ती बहुधा तिथेच.

रमाबाईंचं पुस्तक या नजरेने वाचलं तर ते पतिभक्तीचं पुस्तक राहत नाही. डिसेंबर 1873 मध्ये अकरा वर्षांच्या यमुनेचं लग्न तिशी ओलांडलेल्या विधुर रानड्यांशी झालं. ते सुधारक, तिला शिकवणारे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका शिक्षणाच्या विरोधात. पुस्तकाचा घोषित विषय रानडे आहेत आणि ते 1901 मधल्या त्यांच्या मृत्यूशी थांबतं. तोपर्यंत तर रमाबाईंचं सार्वजनिक काम नावारूपाला यायचं होतं. त्यांची स्त्रियांसाठीची संस्था, पुण्याचं सेवासदन, 1909 ची, म्हणजे पुस्तकाच्या एकच वर्ष आधीची. जी बाई 1910 मध्ये संस्था चालवते आहे, ती आपल्या पुस्तकात स्वतःचं सगळ्यात मोठं काम सांगतच नाही. तरीही जिथे रानडे खोलीत नाहीत, ती पानं सगळ्यात जिवंत आहेत: इंग्रजी शिकल्याबद्दल घरातल्या बायकांचे टोमणे, त्यांना उत्तर न देता सहन करणं, सभेत जायचं की घरच्यांचं ऐकायचं याची ओढाताण. तुमचा युक्तिवाद असा उभा राहू शकतो की नवऱ्याच्या आठवणींच्या आडोशाने तिने स्वतःच्या धैर्याची नोंद केली. मात्र त्यासाठी रानडे हजर असलेली आणि नसलेली पानं वेगळी काढून दाखवावी लागतील. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचं प्रकरण (1890) आणि त्यानंतर रानड्यांनी घेतलेलं प्रायश्चित्त या भागात ती नवऱ्याच्या निर्णयाकडे कुठल्या शब्दांत पाहते, ते वाक्यावाक्याने तपासा. तिथे भक्ती आणि स्वतःचं मत एकाच परिच्छेदात वावरतात.

मेरी मेसन या अभ्यासिकेने 1980 मध्ये मांडलं की स्त्रिया आत्मचरित्रात स्वतःची ओळख पुष्कळदा एका 'दुसऱ्या'च्या आधाराने घडवतात: नवरा, देव, समाज. रमाबाईंना हे लागू पडतं. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनाही पडतं. त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत त्या लहान वयात झालेलं लग्न, नवऱ्याचा मार, वासराचा मृत्यू, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह आणि आपले पूर्वीचे जन्मसुद्धा सांगतात. तिथे 'मी' एका आयुष्यात मावत नाही. मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा इतिहास 1910 पासून सुरू करणाऱ्यांनी हे अभंग निदान एकदा वाचावेत. पण मेसनची चौकट सगळ्यांवर बसवू नका. चौकट बसत नाही तिथे पुस्तकाला वाकवण्यापेक्षा चौकट सोडून द्या.

'स्मृतिचित्रे' हे या चौकटीत न बसणारं पहिलं मोठं पुस्तक. 1934 ते 1936 या काळात ते चार भागांत आलं; लक्ष्मीबाई फेब्रुवारी 1936 मध्ये गेल्या. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईने आठवणी लिहाव्यात असं ठरलं. म्हणजे हेतू नवऱ्याच्या चरित्राचा होता आणि हाती आलं बाईचं आत्मचरित्र. हे कसं घडलं, हा एका प्रकरणाचा विषय होऊ शकतो. पहिलं कारण सुरुवातीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांपासून सुरुवात करत नाहीत. माहेरापासून, वडिलांच्या सगळ्या घराला वेठीला धरणाऱ्या सोवळ्यापासून करतात. त्यामुळे पुढे 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती होतात, तेव्हा वाचकाला नुसता नवऱ्याचा धर्म दिसत नाही. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईवर काय कोसळलं ते दिसतं. दुसरं कारण मधल्या काळात आहे. नवऱ्याच्या मागोमाग ती लगेच ख्रिस्ती होत नाही. ती वेगळी राहते, झगडते, शिवाशिवीचे आपले नियम एकेक करून सोडते आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते. धर्मांतराचा प्रवास तिने आपल्या पायांनी केला, हे ती घटना उलगडण्याच्या वेगातून सांगते. नुसतं वर्ष लिहून मोकळं होणाऱ्या अभ्यासकाच्या हातून हा वेगच निसटतो.

आणि तिसरं कारण विनोद. लक्ष्मीबाईंच्या विनोदावर 'खेळकर शैली' एवढा शेरा मारून पुढे जाणं हा अन्याय आहे. टिळकांच्या विसराळूपणावर, रागावर आणि स्वतःच्या भोळेपणावर ती हसते, तेव्हा वाचकाची दया नाकारते. दया स्वीकारली असती तर ती 'सोसणारी पत्नी' झाली असती. हसल्यामुळे ती सांगणारी झाली. विनोद कुठे येतो आणि कुठे अचानक थांबतो याचा नकाशा काढा. थांबतो ती पानं फार महत्त्वाची आहेत.

'स्मृतिचित्रे'वर काम करताना आवृत्तीची चूक फार होते. संक्षिप्त आवृत्ती वेगळी, संपूर्ण वेगळी. नातू अशोक टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती वापरा. संक्षिप्त आवृत्तीवरून 'लेखिका याबद्दल गप्प आहे' असं विधान केलं तर ते संपादकाचं मौन लेखिकेच्या माथी मारलं जातं. चौथा भाग तिच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला, म्हणून शेवटावरून निष्कर्ष काढतानाही जपून.

यावरूनच पुढचा प्रश्न येतो: पेन कोणाच्या हातात होतं? 'सांगत्ये ऐका' (1970) हंसा वाडकरांनी सांगितलं आणि अरुण साधू यांनी शब्दांकित केलं. आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' (1944) घरातल्याच कावेरीबाई कर्वे यांनी संपादित केलं. अशा पुस्तकात एखादा शब्द, एखादी वाक्यरचना बाईच्या ओळखीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. प्रसंगांची निवड, पुनरुक्ती, कोणावर किती वेळ बोललं गेलं, हे वापरता येतं. हंसाबाईंच्या बाबतीत तर शीर्षकच त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचं आहे: पडद्यावर नाचणारी बाई आणि पडद्यामागची बाई यांतलं अंतर वाचकाला आधी दाखवायचं आणि मग सांगायला सुरुवात करायची. वर्तणुकीचा हिशोब ती कोणापुढे देत नाही, माफी मागत नाही. सांगणारीचं धाडस आणि शब्दांकन करणाऱ्याची बांधणी, दोन्हींची दखल घेऊनच हे पुस्तक वाचावं.

कर्वे घराण्यातून मिळणारी तुलना दुसरीकडे मिळत नाही. धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' 1915 चं, पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' 1928 ची, आनंदीबाईंचं 'माझे पुराण' 1944 चं. पार्वतीबाई आणि आनंदीबाई सख्ख्या बहिणी, दोघी विधवा: आनंदीबाई बालवयात, पार्वतीबाई विशीत. आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि 1893 मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, पुढे अमेरिकेत जाऊन घरकामाची नोकरी करत इंग्रजी शिकल्या. पुनर्विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरुड गावाने घातलेला बहिष्कार, आश्रमाची सुरुवात, पैशाची ओढाताण या घटना तिघांच्या पुस्तकांत कशा येतात ते तीन रकान्यांत मांडा. अण्णांच्या, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या, पुस्तकात संस्था मध्यभागी आहे. आनंदीबाईंच्या पुस्तकात, संस्थेला सगळं दिल्यावर घर कसं चालायचं, हा प्रश्न आहे. पार्वतीबाईंची ओळख लग्नावर नाही, कामावर उभी आहे: वर्गणी मागणारी, प्रवास करणारी विधवा. आणि तरीही स्त्रीशिक्षणाबद्दलची त्यांची मतं आजच्या वाचकाला जुनाट वाटतील अशी आहेत. ती मतं झाकू नका. सोयीचा भाग तेवढा उचलून प्रत्येक लेखिकेला 'बंडखोर' ठरवण्याची घाई या विषयाचं फार नुकसान करते.

आता दलित लेखिका. इथे प्रश्नाचाच पाया हलतो, म्हणून थोडं सावकाश. 'स्व' म्हणजे एकटी व्यक्ती, असं गृहीत धरून बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचलं तर निराशा होईल. पहिल्या पानांपासून तिथे 'मी' फार थोडी आहे. वीरगावचा महारवाडा, आषाढ, पोतराज, भूक, सासुरवाशिणीच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा, आंबेडकरांच्या भाषणांनी हललेले लोक, हे सगळं 'आम्ही'च्या तोंडून येतं. काहीजण यावरून लिहितात की लेखिकेला व्यक्ती म्हणून ओळख घडवता आली नाही. हे वाचन चुकीचं आहे. शीर्षकातच 'आमुचं' आहे. निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला आहे. फलटणला छोट्या दुकानात बसून, सामान बांधायच्या रद्दीतून वाचत, लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवत त्यांनी हे पुस्तक लिहिलं. 1982 मध्ये ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं.

आता त्यातलं मौन पाहा. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाबरोबर (2008) बेबीताईंची मुलाखत छापलेली आहे. तिथे त्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलतात. पुस्तकात ती स्वतःच्या दुःखाची गोष्ट म्हणून येत नाही. पुस्तक समाजाचं आहे, म्हणून आपलं खासगी दुःख त्यांनी बाजूला ठेवलं. पण पुस्तकात समाजातल्या सुनांवर होणारा अत्याचार मात्र सविस्तर आहे. म्हणजे हिंसा गाळलेली नाही, 'मी'मधून काढून 'आम्ही'त ठेवलेली आहे. मौन म्हणजे भीती, हे सोपं समीकरण इथे मोडतं. कुठलंही मौन पुरावा म्हणून वापरण्याआधी त्याच लेखिकेचा दुसरा मजकूर, मुलाखत, पत्र, भाषण, शेजारी ठेवलाच पाहिजे. दुसरा मजकूर नसेल तर मौनाविषयी अंदाज बांधू नका.

शर्मिला रेगे यांनी 2006 मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे 'साक्ष' म्हणून पाहिलं: एकीच्या तोंडून समूह बोलतो आणि जात व लिंग दोन्हींचा हिशोब मागतो. मांडणी फार उपयोगी आहे. तिचा गैरवापर असा होतो की 'साक्ष' म्हटलं की पुस्तकाची रचना कोणी पाहत नाही, जणू दुःख आपोआप कागदावर सांडलं. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (1986) या शीर्षकाची भाषा बघा. शिक्षिका म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला प्रमाण मराठी येत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. बोली तिने निवडली. निवड म्हटली की ती कला झाली.

ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (2003) या दोन्हींच्या पुढचं पाऊल आहे. सुरुवात कोकणातल्या बायकांनी डोक्यावर ओझी घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाण्याने होते, म्हणजे 'आम्ही'ने. मग हळूहळू 'मी' वेगळी होते: शाळा, नोकरी, मुंबई, लग्न, स्वतःचं शरीर, लेखन, चळवळ. बाईने शिकून पुढे जावं म्हणणारा नवरा ती खरोखर पुढे गेल्यावर कसा बदलतो, हे त्या नाव घेऊन, कडवटपणा न करता लिहितात. शीर्षकातलं बांबूचं विणकाम आईचं आहे, लेखन मुलीचं. याआधी 1989 मध्ये पवारांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला होता, 'आम्हीही इतिहास घडवला'. इतरांच्या आठवणी गोळा करणारी बाई नंतर स्वतःकडे वळली, त्यामुळे तिच्या 'मी'च्या मागे त्या सगळ्या उभ्या आहेत. ही दोन पुस्तकं एकत्र वाचणारा प्रबंध अजून पुष्कळ काही सांगू शकेल.

काळाच्या अंतराचा मुद्दा थोडक्यात. प्रत्येक पुस्तकासाठी घटनेचं वर्ष आणि लेखनाचं वर्ष असे दोन रकाने करा. रमाबाईंचं लग्न आणि पुस्तक यांत 37 वर्षं आहेत. टिळकांचं धर्मांतर आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग यांत 39. मल्लिका अमरशेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' 1984 चं, तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. संसार चालू असताना लिहिलेलं. म्हणून रमाबाईंचा समंजसपणा आणि मल्लिकाताईंचा जाळ यांची तुलना स्वभावाची तुलना म्हणून करू नका. एकीने राख झाल्यावर लिहिलं, दुसरीने आग लागलेली असताना.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (1990) रचनेसाठी वाचावं. कालक्रम मोडलेला आहे. आठवणींना आठवणी लागत जातात. शीर्षकाच्या ओळीचा उरलेला भाग, 'गमते उदास', मराठी वाचक मनात स्वतः भरतो. नवऱ्याच्या प्रसिद्धीमुळे हे पुस्तक 'पुलंविषयी' म्हणून वाचलं गेलं आणि त्यावर वादही त्याच अंगाने झाले. त्यात 1942 च्या लढ्यात उतरलेली, नोंदणी पद्धतीने स्वतःच्या अटींवर लग्न करणारी, शिस्त आणि निसर्ग यांत रमणारी एक बाई आहे, तिच्याकडे लक्ष कमी गेलं. तुमच्या प्रबंधातही तेच होणार नाही हे बघा. सोपी चाचणी: तुमच्या प्रकरणातून नवऱ्याविषयीची वाक्यं खोडली तर काय उरतं? एक पान उरत असेल तर प्रकरण पुन्हा लिहा. लीलाबाई पटवर्धनांचं 'आमची अकरा वर्षे' (1945) आणि कांचन घाणेकरांचं 'नाथ हा माझा' (1989) अशा पुस्तकांत हे कठीण जाईल, कारण सहजीवनाची वर्षं हीच तिथली मोजपट्टी आहे. म्हणूनच ती पुस्तकं टाळू नयेत.

कामाचा क्रम. दोन पुस्तकं निवडा, फार तर तीन. सात पुस्तकांचा प्रबंध म्हणजे सात सारांश. निवडीत एक तरी जोडी अशी असू दे की जात, धर्म किंवा काळ यांतलं एकच अंग बदलतं. सगळी अंगं एकदम बदलली तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. रमाबाई आणि आनंदीबाई ही चांगली जोडी. बेबीताई आणि ऊर्मिलाताई ही आणखी चांगली. पहिलं वाचन टिपा न काढता सलग करा. दुसऱ्या वाचनात पहिली पाच आणि शेवटची पाच पानं हाताने उतरवून काढा. उतरवताना जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही. तिसऱ्या वेळी वर सांगितलेली वीस पानांची मोजणी. त्यानंतरच समीक्षा वाचा. समीक्षा आधी वाचली की दुसऱ्याचे निष्कर्ष तुमच्या पेन्सिलीने मजकुरात सापडू लागतात. अनुवाद शेवटी, आणि तोही मुलाखती व प्रस्तावनांसाठी. बोलीतल्या पुस्तकाच्या भाषेवर इंग्रजीवरून एक वाक्यही लिहू नका.

लिहिताना प्रत्येक दाव्याखाली पानाचा क्रमांक आणि मूळ वाक्य हवं. 'यातून अस्मिता दिसते' असं लिहावंसं वाटलं की ते वाक्य खोडा आणि त्या जागी लिहा की लेखिकेने इथे कोणता शब्द वापरला, याआधी कोणता वापरत होती, आणि तो बदल कोणत्या पानावर झाला.